मुळं जिथं पोचत नाहीत

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते मुलांना पुस्तक मिटायला लावून बांधावर घेऊन जात. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय रानातलाच हवा. म्हणून आज मी मातीतल्या एका बुरशीविषयी बोलणार आहे. बुरशी म्हटल्यावर इथल्या द्राक्ष बागायतदारांना डाऊनी आणि भुरी आठवणार, हळदवाल्यांना कंदकूज. हंगाम बुडवणारी बुरशी आपल्याला चांगली ठाऊक आहे. पीक वाढवणारी बुरशी सातारा-सांगलीतल्या बहुतेक पिकांच्या मुळांत राहते, ऊस असो, शाळू असो, सोयाबीन, द्राक्ष की हळद. आपल्या शेतीच्या जमाखर्चात मात्र तिची कुठंच नोंद नाही.

जमाखर्चापासूनच सुरुवात करू. उसाच्या लागणीला आपण अठरा-सेहेचाळीस टाकतो. त्यातला सेहेचाळीस हा आकडा स्फुरदाचा. टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला साधारण १५ ते २० टक्के येतं. उरलेलं युरियासारखं उडून जात नाही की पाण्याबरोबर झिरपून जात नाही. ते जमिनीतच अडकून बसतं. कृष्णाकाठच्या काळ्या, चुनखडीच्या रानात ते चुन्याला धरून बसतं. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या तांबड्या जांभ्याच्या मातीत ते लोह आणि अ‍ॅल्युमिनियमला धरून बसतं. दोन्हीकडची माती अगदी वेगळी, रसायन वेगळं, आणि पिकाची उपासमार मात्र एकच. आपल्या देशाला स्फुरदाचा खडक, आम्ल आणि तयार खत बहुतांशी बाहेरून आणावं लागतं. एवढं परकीय चलन मोजून आणलेला माल आपण वर्षानुवर्षं रानात साठवत आलो आहोत.

आणखी एक अडचण आहे. नत्र पाण्याबरोबर मुळापर्यंत चालत येतं, स्फुरद जवळजवळ जागचं हलत नाही. मुळाच्या भोवतीच्या एक-दोन मिलिमीटर मातीतलं स्फुरद मूळ थोड्याच दिवसांत संपवतं. मग त्याच्याभोवती रिकामं कडं तयार होतं. पलीकडच्या मातीत स्फुरद असतं, पण मूळ तिथवर पोचत नाही. पिकानं नवी मुळं काढत राहणं हा एक मार्ग झाला, पण तो महाग आहे, कारण मूळ बांधायला साखर लागते. दुसरा मार्ग झाडांनी फार पूर्वी शोधला. त्यांनी बुरशीशी करार केला.

या बुरशीचे धागे मुळाच्या आत शिरतात आणि बाहेर मातीतही पसरतात. बाहेरचा धागा मुळावरच्या केसापेक्षाही कितीतरी बारीक असतो. मिलिमीटरचे दोनशे-पाचशे भाग करावेत तेवढी त्याची जाडी. त्यामुळे जिथं केसमूळही घुसू शकत नाही, अशा मातीच्या कणांमधल्या फटीत तो सहज जातो, मुळापासून कित्येक सेंटीमीटर लांब. चांगल्या जमिनीतल्या चिमूटभर मातीत असे कित्येक मीटर धागे भरतात. कृष्णेला जसं ओढे-ओघळी दूरच्या माळावरचं पाणी आणून देतात, तसं हे धागे मुळाला दूरच्या मातीतलं स्फुरद आणून देतात. त्याबरोबर जस्त आणि तांबंही. मुळाच्या पेशीच्या आत या धाग्याला झुडपासारख्या बारीक फांद्या फुटतात. देणंघेणं तिथं होतं. बुरशी स्फुरद देते, झाड साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. पानांनी उन्हात तयार केलेल्या अन्नातला दहावा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, झाड या बुरशीवर खर्च करतं. एवढा खर्च झाड उगाच करत नसतं. ती झुडपं थोडेच दिवस टिकतात. जुनी विरघळतात, नवी फुटतात. म्हणजे हा करार रोज नव्यानं होत असतो. २०११ साली नेदरलँड्समधल्या टोबी कीर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की जी बुरशी जास्त स्फुरद देते तिलाच झाड जास्त साखर देतं, आणि बुरशीही तसंच वागते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण दुकानात उलटंच सांगितलं जातं. ही बुरशी स्फुरद तयार करत नाही. अडकलेलं स्फुरद थोडं थोडं सुटत असतं. त्यात जिवाणूंचा मोठा वाटा आहे. बुरशी ते सुटल्या जागीच उचलते आणि पुन्हा अडकण्याआधी मुळाकडे पोचवते. तिचं काम पोचवण्याचं आहे, आणि आपल्या जमिनींत नेमकी अडचण पोचण्याचीच आहे.

१८८५ साली जर्मनीत आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञानं मुळं आणि बुरशी यांच्या या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं. त्याला सरकारनं सोपवलं होतं ट्रफल नावाच्या महागड्या कवकाची लागवड करता येईल का ते पाहायला. ट्रफलची शेती त्याला साधली नाही, पण जंगलातल्या झाडांच्या मुळांवर बुरशीचं वेष्टण असतं आणि ती झाडं आजारी नसतात, हे त्यानं पाहिलं. शेतातल्या पिकांची बुरशी वेगळ्या जातीची, मुळाच्या आत दडलेली. तिचा पक्का पुरावा मिळायला आणखी सत्तर वर्षं गेली, आणि तो मिळाला स्ट्रॉबेरीच्या मुळांत. इंग्लंडमध्ये केंटच्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात बार्बरा मॉस यांनी १९५३ साली स्ट्रॉबेरीच्या मुळांना चिकटलेले बुरशीचे बीजाणू दाखवले. पुढं त्याच बुरशीची लागण केलेली सफरचंदाची रोपं जास्त वाढतात हेही त्यांनी सिद्ध केलं. भिलार-पाचगणीच्या बागायतदारांनी हे नाव लक्षात ठेवावं. आपल्या पिकाचा या शास्त्राशी इतका जवळचा संबंध आहे.

आणि हा करार किती जुना? स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या दगडात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती जशाच्या तशा गोठल्या आहेत. त्यांना खरी मुळं नव्हती. पण त्यांच्या पेशींत ही झुडपासारखी बुरशी आहे. जमिनीवर आलेल्या पहिल्या वनस्पतींच्या सोबतीला ती होती. मूळ नंतर आलं. शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी त्याहून कितीतरी अलीकडच्या, आणि जिवाणूंना आत घेण्यासाठी ही पिकं जी यंत्रणा वापरतात तिचा बराच भाग बुरशीसाठी आधीच तयार झालेला होता. कऱ्हाडच्या सोयाबीनवर गाठी दिसतात त्यांच्यामागं ही जुनी ओळख आहे.

आता जरा टारफुल्याकडे येतो. शाळूच्या आणि अलीकडे उसाच्या रानातही गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचं हे तण वर दिसतं तोवर खाली मुळांना चिकटून त्यानं पीक शोषलेलं असतं. त्याचं बी धुळीसारखं बारीक, आणि जमिनीत दहा-दहा वर्षं पडून राहतं. ते पावसानं उगवत नाही. पिकाच्या मुळातून एक रसायन झिरपलं की मगच उगवतं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९६६ साली कपाशीच्या मुळांच्या पाण्यातून ते वेगळं काढलं. पुढची चाळीस वर्षं सगळे बुचकळ्यात होते: स्वतःचा शत्रू जागा करणारं रसायन झाड मातीत सोडतंच कशाला? उत्तर २००५ साली जपानमधून आलं. कोहकी आकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही हाक मुळांत राहणाऱ्या याच बुरशीसाठी, म्हणजे मूळबुरशीसाठी असते. स्फुरदाची भूक लागली की झाड ती हाक देतं; जवळची बुरशी ती ऐकते, तिला फांद्या फुटतात आणि ती मुळाकडे वळते. टारफुला ही चोरून ऐकणारी वनस्पती आहे. दुसऱ्याला दिलेली हाक ऐकून तो दारात येतो. हलक्या, उपाशी रानात टारफुला का माजतो आणि खतावलेल्या रानात कमी का दिसतो, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिलेलं होतं. त्याचं कारण आता हाती आलं आहे.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, आणि आज मला मुख्यतः तीच सांगायची आहे. भूक असेल तरच झाड हाक देतं. रानात सहज मिळणारं स्फुरद भरपूर असेल तर झाड बुरशीला बोलावत नाही, आणि आत असलेल्या बुरशीलाही पोसत नाही. ही बुरशी झाडाशिवाय जगू शकत नाही. मग ती घटते. लागणीला बेसल डोस, बांधणीला पुन्हा, ठिबकमधून आणखी, खोडव्याला परत. असं वीस-तीस वर्षं चाललेल्या रानात बुरशी फार कमी उरते. पुढं एखाद्या वर्षी खत कमी पडलं की पीक एकदम पिवळं पडतं, आणि आपण म्हणतो, बघा, खताशिवाय काही येत नाही. आपणच त्या रानाला दुसरा मार्ग ठेवलेला नसतो.

आणखी तीन गोष्टी आपण करतो. एक म्हणजे रोटर. बुरशीचं जाळं पहिल्या फुटात असतं आणि रोटरनं त्याचे तुकडे तुकडे होतात. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीविना उसाच्या शेतीचा जो आग्रह इतकी वर्षं धरला, त्याला या बाजूनंही आधार आहे. सगळ्यांना ते जमेल असं मी म्हणत नाही, पण खोडव्यात तरी अकारण माती उलटवू नये. दुसरी गोष्ट म्हणजे पाचट जाळणं. त्यावर या जिल्ह्यांत इतकं बोलून झालं आहे की मी वेळ घेत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मोकळं रान.

मोकळ्या रानाचं उदाहरण दूरचं आहे, पण माती आपल्यासारखीच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या चिकण जमिनीत पाणी साठवण्यासाठी शेतकरी वर्ष-वर्ष रान पडीक ठेवत. पुढचं पीक मात्र खुरटं येई. ओल भरपूर असूनही स्फुरद आणि जस्ताची कमतरता दिसे. जे. पी. थॉम्पसन यांनी १९८७ साली कारण दाखवलं: पडीक काळात यजमान मूळच नसल्यानं बुरशी मेली होती. माण, खटाव, जतमध्ये खरीप मोकळा ठेवून रब्बीला शाळू घेण्याची रीत आहे. पाण्यासाठी ती रीत लागू पडते. तिथं खरिपात थोड्या पट्ट्यात मटकी किंवा हुलगा टाकला तर बुरशीला आधार राहील की ओल जास्त खर्च होईल, हा आपल्याच भागात मोजून पाहायचा प्रश्न आहे.

पुरानंतरही हेच होतं. १९९३ साली अमेरिकेत मिसिसिपीला मोठा पूर आला. पुढच्या वर्षी पुराच्या रानातला मका जांभळा आणि खुरटा आला, कारण दीर्घकाळ पाण्याखाली आणि पिकाविना राहिलेल्या मातीत बुरशी उरली नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पलूस, वाळवा, मिरजेतला ऊस कित्येक दिवस बुडाला होता. अशा रानात पूर ओसरल्यावर लगेच ताग, धैंचा, मका असं काहीतरी जिवंत मूळ लावून देणं हा पंचनाम्याइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. मोहरी, कोबी, फ्लॉवर, मुळा, पालक, बीट यांनी हे काम होत नाही. या पिकांनी बुरशीशी नातं तोडलेलं आहे. कोबीनंतर कांदा लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण कांद्याला केसमुळं फार कमी आणि त्याची भिस्त बुरशीवर.

हळदीचंही तसंच. जाड, मांसल मुळं. गावोगावचे हळदकरी बेणंप्रक्रियेला ट्रायकोडर्मा वापरतात, ते योग्यच आहे. पण ट्रायकोडर्मा आणि मूळबुरशी एक नव्हेत. ट्रायकोडर्मा कुजक्या पदार्थावर जगतो आणि कंदकुजीच्या बुरशांशी लढतो. तो प्रयोगशाळेत बाटलीत वाढतो. मूळबुरशीला जिवंत मूळच लागतं. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राजवळची शेतं या दोघांच्या एकत्र चाचणीसाठी उत्तम जागा आहेत.

द्राक्षाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण बागायतदारानं मुळाकडे पाहण्याची सवय या भागात आधीच लावून घेतली आहे. पांढरी मुळी चालते का, हा प्रश्न खरड छाटणीनंतर प्रत्येक बागेत विचारला जातो. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवार उभा केला, आणि सांगलीच्या द्राक्षकऱ्यांना पान आणि मूळ मोजायला शिकवलं. तासगाव तालुक्यातल्या आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसच्या बागेतून एक वेगळी फांदी हेरली आणि तास-ए-गणेश ही जात दिली. डोळे उघडे ठेवून शेती करणारी ही माणसं. पण पांढऱ्या मुळीच्या आत काय आहे ते साध्या डोळ्यांना दिसत नाही. वेल बुरशीवर फार अवलंबून असतो. बागेत वर्षानुवर्षं स्फुरद साठलं की देठ परीक्षणात जस्त कमी येतं. आपण जस्ताची फवारणी करतो. बोर्डोतलं तांबं मातीत साठत जातं. ही सगळी लक्षणं एकाच मुळाशी येऊन थांबतात, आणि ते मूळ कुणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं नसतं.

मग बाजारातलं पाकीट आणायचं का? मायकोरायझा आज प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळतो. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात त्याची प्रत ठरवून दिलेली आहे. तरी परदेशांत जेव्हा जेव्हा अशी पाकिटं तपासली गेली तेव्हा बरीच निष्प्रभ निघाली. काहींत जिवंत बुरशीच नव्हती. उन्हात, दुकानाच्या पत्र्याखाली महिनोन् महिने ठेवलेल्या मालाकडून वेगळी अपेक्षा करता येत नाही. आणि स्फुरदानं भरलेल्या रानात उत्तम मालही वाया जातो. माझं मत असं: जिथं बुरशी मुळातच नाही, तिथं ती द्यावी. कोकोपीटच्या ट्रेमध्ये एक डोळा पद्धतीनं वाढवलेलं उसाचं रोप, टिश्यू कल्चरची केळी, स्ट्रॉबेरीची परदेशी मातृरोपं आणि त्यांच्यापासून वाईच्या रोपवाटिकांत केलेली रोपं. यांची मुळं कोरी असतात. एका ट्रेला लागणारी मात्रा चमचाभर. एकरी खर्च नगण्य.

ही बुरशी घरीही वाढवता येते. न नांगरलेल्या बांधावरची, गवताच्या मुळांसकट माती घ्यावी, कुंडीत किंवा खड्ड्यात त्यावर मका आणि ज्वारी लावावी, स्फुरद देऊ नये, तीन महिने वाढू द्यावं, मग पाणी तोडून ताटं कापावीत. उरलेली माती आणि बारीक मुळं हेच विरजण. सूत्रकृमी किंवा मर रोग असलेल्या जागेची माती मात्र घेऊ नये, नाहीतर रोगही वाढेल.

या विषयावर अलीकडे फार स्वप्नाळू लिहिलं जातं, की जंगलात झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई झाड पिलांना भरवतं. २०२३ साली जस्टिन कार्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळे पुरावे तपासले आणि खऱ्या जंगलात ते फार अपुरे आहेत असं सांगितलं. मला त्या स्वप्नाची गरज वाटत नाही. कासच्या पठारावर जा. जांभ्याच्या कातळावर बोटभर माती, पावसात त्यातलंही धुऊन जातं. तिथं हबेनारियासारखी जमिनीवर येणारी ऑर्किड फुलतात. ऑर्किडच्या बियांत शिदोरी नसतेच. बुरशीनं आत शिरून अन्न दिलं तरच ते बी रुजतं. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे १८९९ साली ओळखलं. पायाखाली जे तुडवलं जातं त्यात हीही बुरशी आहे, म्हणून फुलांमध्ये पाऊल टाकू नका अशी सूचना असते तेव्हा ती पाळा.

मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी मोजतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब. जिवंत असं त्यात काही नाही. तेरावी गोष्ट आपण मोजू शकतो, आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. बारीक मुळं धुऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायची, म्हणजे ती पारदर्शक होतात. नंतर नीट धुऊन व्हिनेगरमध्ये मिसळलेल्या पेनच्या शाईत, शाईचं प्रमाण ५ टक्के, तीन मिनिटं उकळायची. जादा रंग पाण्यानं काढला की मुळाचे पेशीथर फिके आणि बुरशी निळी दिसते. १९९८ साली व्हिअरहायलिग यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी जाळतं, म्हणून ते काम शिक्षकांनीच करावं. बाकीचं दहावीतला मुलगाही करेल.

साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात, कऱ्हाड, इस्लामपूर, विट्याच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, प्रकल्प शोधणारी मुलं आहेत. माझी त्यांना विनंती आहे: आपापल्या तालुक्यातली मुळं पाहा. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राभोवतीची, जतच्या शाळूची, तासगावच्या बागेतली, भिलारच्या गादीवाफ्यावरची. किती टक्के मुळात बुरशी आहे, हे एका नकाशावर मांडा. आणि इथल्या शेतकऱ्यांना विनंती: माती परीक्षणात स्फुरद भरपूर आलं असेल तर एका पट्ट्यात स्फुरदाचा डोस निम्मा करा, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि दोन्ही पट्ट्यांतली मुळं चौथ्या महिन्यात या मुलांच्या हाती द्या. सगळ्या रानाचा धोका पत्करू नका. एकच पट्टा पुरे. आडसाली लागण जुलैत सुरू होते. ज्यांना भाग घ्यायचा आहे त्यांनी आज जाण्याआधी आपलं गाव, पीक आणि माती परीक्षणातला स्फुरदाचा आकडा दाराजवळच्या वहीत लिहून ठेवावा.